इस्ट्राडायॉल जेल: तव्यासमोर उभ्या असलेल्या बाईचा रिव्ह्यू

पाचपैकी चार तारे. एक कापलाय तो ट्यूबच्या झाकणापायी, त्याबद्दल खाली सविस्तर तक्रार आहे.

कंपनीचं नाव लिहीत नाही. हे पाळी जायच्या काळातल्या त्रासावर कातडीला लावायचं, इस्ट्रोजेन या बायकांच्या हॉर्मोनचं, चिठ्ठीवर मिळणारं औषध आहे, आणि कुठल्या कंपनीचं घ्यायचं, घ्यायचं की नाही, हे तुमच्या डॉक्टरांनी ठरवायचं. खोक्यावर 'इस्ट्राडायॉल जेल ०.०६ टक्के' असं छापलेलं असतं, तेवढं ओळखायला पुरे.

डोंबिवली पूर्वेला माझं पोळी-भाजी केंद्र आहे. वय ४७. पहाटे पाचला कणीक भिजते, सहाला तवे चढतात, साडेसातपासून लोकल पकडणाऱ्यांचे डबे निघायला लागतात. हे सगळं सांगायचं कारण असं की या जेलबद्दल मी जे जे वाचलं ते एसीत बसून काम करणाऱ्या बायकांनी लिहिलेलं होतं. विस्तव, पीठ आणि दुसऱ्याच्या पोटात जाणारं अन्न यांच्यामध्ये उभं राहून हे कसं वापरायचं, ते कुठे सापडलं नाही. म्हणून मीच लिहायला घेतलं.

आधी त्रास काय होता ते. वीस-बावीस वर्षं तव्यासमोर काढल्यावर बाहेरची धग कशी लागते हे मला झोपेतही सांगता येईल. ती समोरून येते, आधी मनगटं आणि हनुवटी तापतात, दोन पावलं मागे सरलं की कमी होते. पाळी जायच्या काळात अंगातून उठणाऱ्या या वाफांचं (हॉट फ्लॅश म्हणतात त्यांना) तसं नसतं. छातीच्या मधोमध सुरू होतात, गळ्यातून कानांपर्यंत चढतात, केसांतून घाम फुटतो, कुर्ता पाठीला चिकटतो, आणि तीन-चार मिनिटांनी सगळं ओसरलं की चक्क हुडहुडी भरते. मे महिन्यात, डोंबिवलीत, चार शेगड्या पेटलेल्या असताना मला थंडी वाजायची. माझ्याकडच्या बायका आधी हसल्या. मग त्यातल्या एकीने भाजी चिरता चिरता विचारलं, "ताई, पाळी जायला आली का हो तुमची?"

पंखा लावा म्हणणाऱ्यांनी एकदा पंख्याखाली पोळ्या करून बघाव्यात. ज्योत हलते, तवा एका बाजूने गार पडतो, पोळी फुगत नाही आणि वरचं पीठ घरभर होतं.

लेक बी.फार्म.ला आहे. तिने समजावलं की मेंदूत हायपोथॅलॅमस म्हणून जागा असते, ती अंगाचं तापमान सांभाळते. पाळी जायच्या आधीच्या वर्षांत इस्ट्रोजेन वरखाली होतं आणि ती जागा हळवी होते. पूर्वी तापमान थोडं इकडेतिकडे झालेलं तिला चालायचं, आता जरासं वाढलं तरी ती कातडीजवळच्या रक्तवाहिन्या उघडते आणि घाम सोडते. "आणि आई, तुझ्या कामात ते जरासं दर पाच मिनिटांनी वाढतं," हेही तिनेच वर ऐकवलं.

दिवसाचं एकवेळ निभावतं. रात्रीचं नाही. दीड-दोनला घामाने उठायचं, गाऊन बदलायचा, मग छताकडे बघत पडायचं आणि पाचला कणीक. त्या महिन्यांत एका काकूंच्या चतुर्थीच्या डब्यात कांदा-बटाट्याची भाजी गेली. चिडचिड तर विचारू नका, लाटण्याने पोळपाट तोडायचंच बाकी ठेवलं होतं. पाळीचं म्हणाल तर कधी २१ दिवसांनी, कधी ४० दिवसांनी, आणि आली की अंगावरून इतकं जायचं, इतक्या गाठी पडायच्या की पहिले दोन दिवस दर तासाला मागच्या खोलीत पळावं लागे.

पहिल्या डॉक्टरांनी सोनोग्राफीचा कागद वरवर पाहिला आणि म्हणाले, मुलं झालीत ना, मग पिशवी काढून टाका, कटकट जाईल. आमच्याकडे हा सल्ला फार स्वस्त आहे. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या पिशव्या काढल्याची बातमी २०१९ साली सगळ्यांनी वाचली, हळहळली आणि विसरली. माझ्या नणंदेची अडतिसाव्या वर्षी काढली, अंडाशयांसकट. मला ज्या वाफा हळूहळू सुरू झाल्या त्या तिला ऑपरेशनच्या टाक्यांसोबतच सुरू झाल्या, कारण इस्ट्रोजेन करणारी अंडाशयंच गेली. ती तेव्हा गावी होती, कुणी काही सांगितलं नाही, दोन वर्षं 'नजर लागली' म्हणून मीठ-मोहऱ्या ओवाळल्या गेल्या. गरज असते तेव्हा पिशवी काढावी लागतेच, मी त्याविरुद्ध नाही. पण कटकट जावी म्हणून नाही.

मग ठाण्यातल्या एका मॅडमकडे गेले. त्यांनी सरळ जेल लिहून दिलं असं समजू नका. आधी हिमोग्लोबिन, फेरिटिन (अंगातला लोहाचा साठा), थायरॉइड. थायरॉइड बिघडलं तरी घाम, धडधड, चिडचिड होते, म्हणून ते बघायचं. माझं हिमोग्लोबिन नऊच्या आसपास होतं. पुन्हा नीट सोनोग्राफी, पिशवीत फायब्रॉइडची गाठ आहे का, आतलं अस्तर किती जाड आहे ते पाहायला. पॅप स्मिअर (पिशवीच्या तोंडाच्या कॅन्सरची तपासणी), मॅमोग्राफी, बीपी, साखर, कोलेस्टेरॉल. जास्त जायच्या दिवसांसाठी ट्रॅनेक्झॅमिक ॲसिडच्या गोळ्या आणि लोह चालू केलं. एका लॅबच्या शिबिरात 'फुल हॉर्मोन पॅकेज' म्हणून केलेला रिपोर्ट मी मोठ्या अभिमानाने पुढे केला, तो त्यांनी घडी घालून परत दिला. पंचेचाळिशीच्या पुढच्या बाईला ही लक्षणं असतील तर एफएसएच हे हॉर्मोन तपासायची गरज नसते, या काळात तो आकडा आज एक असतो, पुढच्या आठवड्यात दुसरा. पाळीच्या तारखा लिहून आणा, त्या जास्त बोलतात, म्हणाल्या. दोन पाळ्यांमधलं अंतर सात-सात दिवसांनी मागेपुढे व्हायला लागलं की सुरुवात, साठ दिवसांची दांडी पडायला लागली की पुढचा टप्पा, आणि सलग बारा महिने आली नाही की पाळी गेली. या मधल्या काळाला पेरिमेनोपॉज म्हणतात, आणि तो काही वर्षं चालू शकतो. काही वर्षं, हे ऐकून मी खुर्चीत जरा खाली सरकले.

मी पहिला प्रश्न विचारला तो तुम्हीही विचाराल. हॉर्मोन घेतले की कॅन्सर होतो ना?

ही भीती आली कुठून तेही त्यांनी सांगितलं. २००२ साली अमेरिकेत 'विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह' नावाच्या मोठ्या अभ्यासाचा एक भाग मध्येच थांबवला गेला. त्या भागात १६,६०८ बायका होत्या, सरासरी वय ६३. म्हणजे बहुतेकींची पाळी जाऊन दहाएक वर्षं झालेली. त्यातल्या साधारण निम्म्या जणींना गाभण घोडीच्या मुतापासून काढलेलं इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टिन नावाचं एक कृत्रिम हॉर्मोन, अशी रोजची गोळी दिली होती, बाकीच्यांना बिनऔषधाची. औषधाची गोळी घेणाऱ्यांमध्ये स्तनाच्या कॅन्सरचं प्रमाण वाढलं ते वर्षाला दर १०,००० बायकांमागे सुमारे आठने. हे शून्य नाही, आणि मॅडमनी ते शून्य असल्याचं भासवलंही नाही. पण जगभरच्या बायकांनी ज्या आकड्याच्या भीतीने औषधं फेकून दिली तो आकडा कितीचा होता, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. शिवाय वय साठच्या आत असेल, पाळी जाऊन दहा वर्षं झाली नसतील आणि त्रास खरा असेल, तर बहुतेक निरोगी बायकांमध्ये फायदा तोट्यापेक्षा जास्त, असं आता मानलं जातं.

जेलच का, गोळी का नाही? तोंडाने घेतलेली इस्ट्रोजेनची गोळी आधी यकृतातून जाते आणि रक्ताच्या गुठळ्यांचा धोका वाढवते. कातडीतून गेलेलं इस्ट्रोजेन यकृताला वळसा घालून थेट रक्तात जातं, त्यामुळे नेहमीच्या डोसला तो धोका वाढताना दिसत नाही. दिवसभर उभ्याने काम, पायांवर शिरांची जाळी, असलं माझं शरीर पाहून त्यांनी जेल निवडलं.

ज्यांची पिशवी आहे त्यांना जेल एकटं चालत नाही. नुसत्या इस्ट्रोजेनने आतलं अस्तर वाढत जातं आणि पुढे तिथे कॅन्सरचा धोका होतो, म्हणून सोबत ते अस्तर आवरणारं प्रोजेस्टेरॉन हे दुसरं हॉर्मोन लागतं. मला रात्री २०० मिलिग्रॅमची कॅप्सूल, महिन्यातले बारा दिवस. कॅप्सूल थांबली की पाळीसारखं येतं, पण मापात येतं. ज्यांना कॅप्सूल नको त्यांच्यासाठी हॉर्मोनची कॉपर-टीसारखी दिसणारी वस्तू असते, ती पिशवीत बसवतात, जास्त जाणंही त्याने कमी होतं. माझ्या मैत्रिणीने ती बसवली आणि ती खूश आहे. कॅप्सूलबद्दल दोन गोष्टी. एक, तिने झोप येते, गाढ येते, म्हणून ती झोपतानाच घ्यायची. सुरुवातीला पहाटेच्या गजराला मी शिव्या घातल्या, मग अंगवळणी पडलं. दोन, काही कंपन्यांच्या कॅप्सूलमध्ये शेंगदाणा तेल असतं. दाण्याच्या कुटाशिवाय ज्यांचं पान हलत नाही त्यांना काय त्याचं, पण कुणाला दाण्याची ॲलर्जी असेल तर खोका वाचा.

आता खुद्द जेल. रंगहीन, पाण्यासारखं पारदर्शक, वास स्पिरिटचा. ट्यूबसोबत प्लास्टिकची मोजपट्टी येते, तिच्या खाचेत भरलं की २.५ ग्रॅम जेल, त्यात १.५ मिलिग्रॅम औषध. मला अर्ध्या मापाने सुरू केलं. दंडाच्या बाहेरच्या बाजूला किंवा मांडीच्या आतल्या बाजूला लावायचं. छातीवर कधीही नाही. चोळत बसायचं नाही, घावन तव्यावर पसरतं तसं हलकं, पातळ, मोठ्या जागेवर पसरून सोडून द्यायचं. दोन ते पाच मिनिटांत वाळतं, चिकट राहत नाही, कपड्याला डाग नाही.

आणि इथे माझ्या धंद्याचा प्रश्न येतो. पत्रकात बारीक अक्षरात लिहिलंय की जेलमध्ये अल्कोहोल असतं, ते वाळेपर्यंत आगीपासून लांब राहा. एसीतल्या बायका हे वाक्य ओलांडून पुढे जात असतील, मी तिथेच थांबले. सकाळी लावून लगेच शेगडी पेटवायची हा प्रकार आमच्याकडे चालणारच नाही. दुसरं, जेल लावलेली कातडी दुसऱ्याच्या कातडीला लागली तर औषध त्यालाही जाऊ शकतं, लहान मुलांच्या बाबतीत जास्त जपायचं. म्हणजे जेल लावलेला दंड आणि कोपरापर्यंत परातीत घातलेला हात हे जवळजवळ नको. मॅडमना विचारून मी वेळ बदलून घेतली. रात्री अंघोळ, अंग कोरडं, मांडीला जेल, हात साबणाने दोनदा, मग टीव्हीवरची मालिका बघत बसायचं. लावल्यावर तासभर तरी ती जागा धुवायची नसते, म्हणून अंघोळ आधी. सकाळी परातीला हात लावायच्या आधी पुन्हा हात धुतेच, ते जेलच्या आधीपासून धुतेय. माझी एक मदतनीस तान्ह्या नातवाला मांडीवर घेऊन बसायची, तिला तिच्या डॉक्टरने हेच जेल दिलं, तर तिला मी मांडीचं सांगितलं नाही, दंडाचं सांगितलं आणि वर बाह्यांचा ब्लाउज.

गुण कधी आला? पहिल्या पंधरवड्यात काही नाही. मला वाटलं, पैसे पाण्यात. मग कधीतरी रात्रीचा गाऊन सकाळी तोच अंगावर होता हे लक्षात आलं. महिना-दीड महिन्यात दिवसाच्या वाफा विरळ झाल्या, आल्या तरी मानेपर्यंत येऊन परत जायच्या. तीन महिन्यांनी मॅडमनी माप पूर्ण केलं, त्यानंतर होळीच्या पुरणपोळ्यांची सगळी ऑर्डर मी तव्यासमोरून न हलता काढली. झोप आली की चिडचिडही निम्मी गेली. ती जेलने गेली की झोपेने, हे वेगळं काढता येत नाही, आणि मला काढायचंही नाही.

काय झालं नाही तेही लिहिते. वजन एक गुंजही कमी झालं नाही, झालं म्हणून सांगणाऱ्यांवर विश्वास ठेवू नका. उजवा खांदा जखडला होता, तो फिजिओथेरपीनेच सुटतोय. नावं अजून विसरते. खालच्या कोरडेपणाला या जेलने पुरतं जमलं नाही, त्यासाठी तिथेच लावायचं वेगळं क्रीम मिळालं, त्यात औषध इतकं थोडं असतं की अंगात जवळपास जात नाही. हे वाक्य लिहिताना मला अवघडल्यासारखं झालं, पण याच कोरडेपणाने लघवीला जळजळ होते हे न कळता वर्षभर अँटिबायोटिक घेत बसलेल्या बायका मला माहीत आहेत, म्हणून लिहिलं. आणि हे जेल म्हणजे गर्भनिरोधक नव्हे. पाळी अनियमित झाली तरी पुरती जाईपर्यंत दिवस राहू शकतात. मॅडमनी हे विचारलं तेव्हा ह्यांनी भिंतीवरचं कॅलेंडर वाचायला घेतलं.

जेलच्या आधी घरात जे जे येऊन गेलं त्याचाही हिशोब देऊन टाकते. सोयाच्या आयसोफ्लेव्होनच्या गोळ्या: काही फरक नाही. ईव्हनिंग प्रिमरोझ ऑइल: महाग आणि काही फरक नाही. शतावरी कल्प: दुधातून छान लागतो, मी अजूनही घेते, वाफांशी त्याचा संबंध मला दिसला नाही. गळ्यात अडकवायचा बॅटरीचा पंखा: लोकलमध्ये झकास, पोळपाटापाशी निव्वळ वैताग. 'थंड राहणारी' जेलची उशी: पहिली दहा मिनिटं थंड, मग आपल्याच अंगाइतकी गरम. लेकीने मला अमेरिकेतल्या 'द मेनोपॉज सोसायटी'ची २०२३ सालची हॉर्मोनविरहित उपायांची शिफारस वाचून दाखवली. वाफांसाठी सोया, सप्लिमेंट्स, थंडावा देणाऱ्या युक्त्या यांना त्यांनी शिफारस दिलेलीच नाही. योगासुद्धा वाफांसाठी नाही, हे ऐकून आमच्या सोसायटीतल्या योगाच्या बाई दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. पाठीसाठी, मनासाठी योग चांगलाच, मीही जाते. ज्यांना हॉर्मोन घेता येत नाहीत त्यांच्यासाठी त्या यादीत समुपदेशनाची सीबीटी पद्धत आहे, डिप्रेशनच्या काही गोळ्या कमी डोसमध्ये आहेत, गॅबापेंटिन आहे, फेझोलिनेटंट नावाचं थेट मेंदूतल्या त्या जागेवर काम करणारं नवीन औषध आहे. म्हणजे जेल चालणार नाही म्हणून वाफा सहनच करा, असं कुणी म्हणालं तर ते खरं नाही.

जेल कुणी मागूच नये: स्तनाचा कॅन्सर होऊन गेला असेल, कारण न कळलेलं रक्त जात असेल, पायात किंवा फुप्फुसात गुठळी होऊन गेली असेल, यकृताचा आजार असेल. घेत असताना अवेळी रक्त गेलं तर 'हॉर्मोनचं असेल' म्हणून गप्प बसायचं नाही, दाखवायचं. आणि माझी ट्यूब कुणी उसनी मागू नये. मागितली आहे, म्हणून सांगतेय.

खर्च जेल आणि कॅप्सूल मिळून महिन्याला हजार-दीड हजाराच्या घरात जातो. कमी नाही. माझ्याकडच्या बायकांना मी हे सहज 'घ्या' म्हणू शकत नाही, आणि ते मला टोचतं. सरकारी दवाखान्यात लोहाच्या गोळ्या मिळतात, तसं हे का मिळू नये, हा प्रश्न मी मत मागायला आलेल्यांना विचारला. त्यांनी पत्रक देऊन काढता पाय घेतला.

आता झाकण. पातळ प्लास्टिकचं, पेचाचं, तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात चिरतं. चिरलं की अल्कोहोल उडतं आणि तोंडाशी जेल घट्ट होतं. मोजपट्टीवरची रेघ चष्म्याशिवाय दिसत नाही, आणि हे औषध ज्या वयाच्या बायका घेतात त्या सगळ्या चष्म्याच्याच असतात, हे कंपनीत कुणाच्या ध्यानात आलं नाही का? ट्यूब शेवटी शेवटी लाटण्याने लाटून रिकामी करावी लागते. माझ्याकडे लाटणं आहे, सगळ्यांकडे असतंच, पण तरी.

केमिस्टचं एक. आमच्या बाजूच्या सगळ्या दुकानांत हे नसतं, मागवावं लागतं, दोन-तीन दिवस जातात. काउंटरवरचा मुलगा चिठ्ठी वाचून "हे लेडीज हॉर्मोन ना?" असं रांगेला ऐकू जाईल एवढ्याने विचारतो. मी आता तितक्याच मोठ्याने "हो, दोन ट्यूब" म्हणते. दोन यासाठी की गणपतीत मोदकांच्या ऑर्डरी लागल्या की पंधरा दिवस दुकानाकडे फिरकायला होत नाही. मध्येच बंद पडलं तर वाफा परत येतात, आणि उकडीसमोर त्या मला नको आहेत.